पाटोळे सरांची भिंत

आमच्या शाळेतले चित्रकलेचे पाटोळे सर मुलांनी करून आणलेली वस्तू आधी हुंगतात, मग बघतात. हुंगून झालं की चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्या सात वर्षांच्या आरोपीला विचारतात, "हात कोणाचा?"

"माझा, सर."

"तुझ्या हाताला कोथिंबिरीचा वास कवापासून यायला लागला रं?"

संभाजीनगरातल्या आया या माणसाने हैराण करून सोडल्यात. पहिली ते चौथीच्या पोरांकडून सर सगळं जग करून घेतात: इजिप्तचे पिरॅमिड, ग्रीक सुरया, जपानी पंखे. आता रीत अशी की शाळेने प्रकल्प द्यायचा, आईने गॅस बंद करून तो करायचा आणि पोराने तो न चेपता वर्गात पोचवायचा. इतकी सोयीची पद्धत कुणी मोडतं का? सर मोडतात. वर लाल शाईने शेरा मारतात, 'आईची प्रगती उत्तम. मुलाने अजून सुरुवात केलेली नाही.'

एकदा एक डॉक्टरीणबाई भांडायला आल्या. "मी फक्त मदत केली," म्हणाल्या. सरांनी त्यांचा पंखा उघडून दाखवला. "ताई, चौदा घड्या, अन् चौदाच्या चौदा सारख्या. पोरांच्या हाताला सारखं काय बी येत नसतं. तुमचे टाके लई भारी असतील, पर हे घरी न्या."

मी गणिताचा. चित्रकलेबद्दल माझं मत एवढंच की तो तास गणिताला मिळावा. मुख्याध्यापिका मॅडमचंही तेच मत होतं, कारण सरांच्या प्रदर्शनात भिंतीवर लोंबणारी कुरूप ध्यानं बघून पालक नाकं मुरडत. यंदा जगभरचे मुखवटे होते. बैठकीत मॅडम म्हणाल्या, "थोडं सुबक लावा हो, पाटोळे सर. आयांनी केलेलं लावलं तर काय बिघडतं?"

सर ताडकन उठले. "भिंतीवर मोठ्या माणसानं केलेलं एक जरी निघालं, तर माझा गुरुवारचा तास गणिताला देऊन टाका!"

मी तिथेच वहीत गुरुवारचा तास गणिताच्या नावावर लिहून टाकला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून भिंत तपासली. एकाचा डोळा कानापाशी, एकाला नाकच नाही. मधोमध खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक आफ्रिकन मुखवटा होता. गाल सुजलेला, कान शेंगदाण्याएवढे, रंग ओघळलेला. हा तरी नक्कीच पोराचा, म्हणून खाली जिचं नाव होतं त्या तिसरीतल्या गौरीची पाठ थोपटली.

"माझा नाय सर," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "आज्यानं केला. मला हातच लावू दिला नाय!"

मी जवळजवळ पळतच सरांकडे गेलो.

"ठावं हाय मला," सर म्हणाले. "म्हातारा स्वतः घेऊन आला व्हता सकाळी, हर्सूलवरनं. जन्मात पहिल्यांदा ब्रश धरला म्हणे. तिथं दारात उभा राहून विचारतो, 'गुरुजी, चुकलं असंल तर परत करून आणतो.' एवढ्या वर्षांत मला असं एका बी लेकरानं विचारलं नाय. त्याला काय सांगू, तुमचं वय बसत नाय म्हणून?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तास घ्या तुम्ही. पर चार वाजेपर्यंत थांबा. चारला तो बघायला येणार हाय."

मी थांबलो. चारला म्हातारा आला. धुतलेलं धोतर, हातात टोपी. आपल्या मुखवट्यासमोर तो असा अवघडून उभा राहिला, की मला बघवेना. सर शेजारी जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या खवट आवाजात म्हणाले, "चुकलं नाय काय बी. पुढच्या बारीला फकस्त कान थोडे मोठे करा."

"करतो," म्हातारा म्हणाला, आणि तोंडावर टोपी धरून हसला.

साडेचारला सरांनी मॅडमच्या खोलीत जाऊन स्वतःच सगळं सांगून टाकलं. गुरुवारचा तास आता माझा आहे. मी पाढे घेतो, पोरं मुकाट्याने म्हणतात, आणि मला लाज वाटते.