बिनव्याजी मोटार

व्याजाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. हे मी आजही म्हणते. फक्त पूर्वी मोठ्यानं म्हणत असे.

पुण्याला राहून मी पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन धाराशिवला आले. माझ्या पदवीचा पहिला उपयोग सासूबाईंनी केला. गवळ्याच्या दुधात पाणी किती, ते मी काचेची नळी बुडवून सांगितलं. शेकडा अठ्ठावीस! गवळी बदलला. नव्याकडे एकोणतीस निघालं. तेव्हापासून सासूबाई, म्हणजे सिद्धम्मा, माझ्या विद्येकडे जरा संशयानं बघू लागल्या.

दुसरा उपयोग मोटारीच्या वेळी झाला.

माझे यजमान डॉक्टर. आदल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या बाळंतिणीकडे ते टांगा, बैलगाडी आणि शेवटी चिखलातून पायी असे पाच तासांनी पोचले. तोवर घरात रडारड सुरू झाली होती. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, "मोटार पाहिजे." एवढंच.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कूपनावर मिळे. डॉक्टर म्हणून यांना महिन्याला बारा गॅलन मंजूर होण्यासारखं होतं. सोलापुरात एक इंजिनिअर बदली होऊन निघाले होते, त्यांची हिरवी मोटार विकाऊ होती. इंग्रजी कलदार रुपयांतली किंमत आमच्या निजामी हाली रुपयांत बसवली, तर चोवीसशे झाली. जवळ नऊशे होते. राहिले पंधराशे.

"दराचं माझ्यावर सोपवा," मी म्हणाले. कशाला म्हणाले!

बाजारात शांतलिंग सावकारांची पेढी होती. त्यांचा दर प्रसिद्ध होता: शेकडा दरमहा एक रुपया. दोन वर्षांची मुदत, दर महिन्याला मुद्दलातले साडेबासष्ट फेडायचे. ऐकायला किती सरळ! मी पेन्सिल काढली. त्यांना सांगितलं, की मुद्दल दर महिन्याला कमी होत जाणार, पण तुमचं व्याज मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुऱ्या पंधराशांवर चालू राहणार. म्हणजे जे पैसे मी परत केले, त्यांचंही व्याज मी देणार. तुमचा दर बारा नाही. तेवीस पूर्णांक चार शतांश आहे.

मुनीमजींची लेखणी थांबली. शांतलिंगांनी माझा कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला.

"बाई," ते म्हणाले, "तीस वर्षं पेढी चालवतोय. म्या तेवीस घेतोय, हे मलाच ठाव न्हवतं."

पलीकडे दोन शेतकरी आपापल्या कामासाठी बसले होते. ते बसल्या जागेवरून सरकत सरकत माझ्या कागदाजवळ आले. शांतलिंग म्हणाले, जरा हळू बोला. मी मुद्दाम नाही, पण सवयीनं, वर्गात बोलतात तशी बोलत होते. शेतकरी आणखी हातभर सरकले. त्या प्रत्येक हाताला दर खाली येत गेला आणि शेवटी वर्षाला नऊवर ठरला, तोही फक्त शिल्लक मुद्दलावर. दोन वर्षांचं सगळं व्याज एकशे चाळीस रुपये दहा आणे. न्याय्य दर म्हणतात तो हाच. मी तरंगत घरी आले.

इथं ही कथा संपायला हवी होती.

पण सासूबाईंनी ही विजयवार्ता आपल्या भावाला कळवली. शरणबसप्पा मामांचा लोहाऱ्याला करडीच्या तेलाचा घाणा होता आणि माणसं जोडण्याचा छंद होता. ते प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारनं आले, पायरीवरच थांबले, आणि आत यायला तयार होईनात. कारण विचारलं तर डोळ्याला उपरणं लावलं. आपला माणूस जिवंत असताना भाच्यानं सावकाराच्या दारात जावं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

मी त्यांना नऊ टक्क्यांचं समजावू लागले. मामांनी कानावर हात ठेवले.

"पोरी, घरच्या माणसाकडून व्याज? शिव शिव! उद्या वर जाऊन काय तोंड दाखवू? पंधराशे घे. तुझी ती दोन वर्षाची मुदत असू दे. व्याज एक पैसा न्हाय."

शून्य! नवातून नऊ गेले, मी मनातल्या मनात एकशे चाळीस रुपये दहा आणे वाचवले आणि मामांच्या पाया पडले. आशीर्वाद देता देता ते म्हणाले, "मोटार आमालाबी लागंल कधीमधी."

मी "हो" म्हणाले.

वाचकहो, इथं मला दोष द्या. मुद्दल, मुदत, हप्ता, दर, सगळं मी तपासलं होतं. पण "कधीमधी" हा आकडा नव्हता, त्याला एकक नव्हतं, म्हणून मी तो हिशेबात धरलाच नाही. प्रयोगशाळेत अशा गोष्टीला नगण्य म्हणतात.

मोटार आली. चाकाला हळद-कुंकू लागलं. पहिल्याच आठवड्यात मामांचा माणूस सोमलिंग दारात उभा. हा पूर्वी लॉरी चालवत असे आणि अजूनही तसाच चालवत असे. शांताक्का मामींना तुळजापूरला दर्शनाला जायचं होतं. गेल्या. परतताना त्यांना वाटेतल्या तीन नातेवाइकांची आठवण झाली. मग मामांना तहसील कचेरीत काम निघालं. मग मामींच्या बहिणीला दात काढायचा होता, आणि दात काढल्यावर तिचं मन रमवायला दोन दिवस मोटार लोहाऱ्यातच ठेवावी लागली. एकदा मागच्या बैठकीवर चार पोती पेंड आली. त्यानंतर आमची मोटार उभी राहील तिथं गावातल्या म्हशी जमू लागल्या. डॉक्टर आले हे खेड्यात भोंग्यावरून नव्हे, म्हशींवरून कळे.

नाही कसं म्हणायचं? व्याज घेत नाहीत ना ते!

मी एकदा सुचवून पाहिलं, की मामा, निदान पेट्रोल तरी.  मामांनी नुसतं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतलं पाण्याचं प्रमाण मला कुठल्याच नळीनं मोजता आलं नसतं.

तेव्हा मी माझी कॉलेजची प्रयोगवही बाहेर काढली. मागची पानं कोरी होती. मोटारीतल्या मैलांच्या काट्याचा आकडा जाताना लिहायचा, येताना लिहायचा. बोलायचं काही नाही. विज्ञानानं मला एवढं तरी शिकवलं होतं.

सातव्या महिन्यात धोंडीबा आला. पाडोळीच्या वाटेवर दहा मैलांवर त्याचं शेत. बायको मथुराबाई आदल्या दिवसापासून अडली होती. तो छकडा जुंपून आला होता, बैलांच्या तोंडाला फेस होता. यांनी बॅग उचलली, सवयीनं पडवीकडे गेले आणि मोकळ्या जागेकडे बघत उभे राहिले. मोटार कालच गेली होती. मामांच्या पुतण्याचं लग्न होतं, आणि मुलीचं गाव पाडोळीच्याही पुढं.

हे धोंडीबाच्या छकड्यात बसून गेले. पुढचं मला धोंडीबानंच नंतर सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, चहाच्या प्रत्येक घोटाला एक टोमणा अशा बेतानं.

आठ मैल गेल्यावर ओढा लागला. ओढ्याच्या वाळूत हिरवी मोटार रुतलेली. टपावर वाजंत्री, आत बाशिंग बांधलेला नवरदेव, त्याच्या मांडीवर दोन करवल्या, एक टायर फुटलेला आणि सोमलिंग चाकावर डोकं टेकून बसलेला. बाजूला मामा. डॉक्टरांना पाहून मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, भाचा मोटार काढायलाच आला! वेळेवर आलास, म्हणाले. आता ही बैलं लाव.

"म्या इचारलं, मोटार कुणाची?" धोंडीबा सांगत होता. "तर म्हणले, डॉक्टरची. म्या म्हणलं, मग डॉक्टर माज्या छकड्यात कसं? तर म्हातारं म्हणतंय, मुहूर्त टळंल, आधी बैलं सोड. म्या म्हणलं, मुहूर्त माज्या घरीबी हाय."

मोटारीनं ओढ्याची वाट अडवली होती, छकडा पुढं जाईना. यांनी बॅग डोक्यावर घेतली, धोतर वर खोचलं आणि उरलेले दोन मैल चालत गेले. मामा मागून ओरडून सांगत होते की घरचं कार्य सोडून असं जाऊ नये.

पोचले तेव्हा मूल तासाभरापूर्वी झालं होतं. सुईणीनं सगळं नीट केलं होतं. मुलगी, दोघी सुखरूप. डॉक्टरांना पाट दिला, गुळाचा चहा दिला, आणि सुईण म्हणाली, "दमलासा. पाय धुवा."

या वेळी निभावलं. हे घरी आले, रात्री जेवले आणि झोपले.  मी वही उघडली.

चौदा खेपा. अकराशे चाळीस मैल. गॅलनला पंधरा मैल धरले, तर शहात्तर गॅलन. सात महिन्यांत आम्हाला मिळालं होतं चौऱ्याऐंशी. म्हणजे ज्या रोग्यांसाठी मोटार घेतली, त्यांच्या वाट्याला आठ गॅलन! पेट्रोलचे एकशे बावन्न रुपये, दोन टायरांचे एकशे ऐंशी, तुटलेल्या कमानपाट्याचे शेहेचाळीस, चेपलेल्या मडगार्डचे बारा. एकूण तीनशे नव्वद. दर महिन्याच्या शिल्लक मुद्दलावर बसवून पाहिलं. तीनदा पाहिलं. मामांच्या बिनव्याजी कर्जाचा दर वर्षाला शेकडा एकावन्न पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी शांतलिंगांच्या पेढीवर गेले. मामांचे एक हजार बासष्ट रुपये आठ आणे राहिले होते, ते एकरकमी द्यायचे होते.

शांतलिंगांनी बसायला सांगितलं. पाणी दिलं. घरच्यांची चौकशी केली. मोटार कशी आहे विचारलं, लोहाऱ्याकडे वरचेवर दिसते म्हणाले. मग मुनीमजींकडे न बघता म्हणाले, "आता दीड रुपया शेकडा. सतरा महिने. पुऱ्या मुद्दलावर." मागच्या खेपेचे ते दोन शेतकरी आज आले नव्हते. मी दाराकडे बघितलं, कोणीच येत नव्हतं.

मी मनात हिशेब केला.

"सांगा की बाई," शांतलिंग पुढं वाकले. त्यांना खरोखरच उत्सुकता होती. "खरा किती पडतो?"

"चौतीस."

"बरोब्बर चौतीस?"

"बरोब्बर."

"मुनीमजी, लिहून ठेवा," ते समाधानानं म्हणाले. "पण बाई, चौतीस हाय हे ठाव असून सही करताय?"

"मोटार तुम्हाला कधी लागेल का?" मी विचारलं.

"मला? म्या पेढी सोडून जातोय कुठं?"

"तसं लिहून द्या."

त्यांनी रोख्याच्या खाली एक ओळ घालून घेतली. एकावन्नातून चौतीस गेले, सतरा टक्के माझा नफा. मी सही केली. आयुष्यात मिळवलेला सर्वांत न्याय्य दर!

पैसे न्यायला मामा स्वतः आले. यांनी रक्कम पुढं ठेवली. मामांना वाईट वाटलं. इतकी घाई कशाला, म्हणाले. आपल्यात काय हिशेब! मग उपरणं पसरून त्यांनी रक्कम दोनदा मोजली, एक रुपया वाजत नव्हता तो बदलून घेतला, आणि सासूबाईंना म्हणाले, "अक्का, व्याज एक पैसा घेतलं न्हाय. सांग सगळ्यांस्नी."

सासूबाई अजून सांगतात. आमच्या नात्यात कुणी कर्जाचं नाव काढलं, की मामांचा दाखला देतात आणि मग माझ्याकडे बघून म्हणतात, "न्हायतर काही लोक चौतीस टक्क्यांनं काढतात. शिकलेले."

त्या दिवशी मात्र मामा चहा घेऊन पायरीवर आले आणि उन्हाकडे बघत थांबले. दुपारचे दोन वाजले होते. शेवटची सर्व्हिस पाचला होती, हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

"सर्व्हिस गेली असंल," मामा म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. हे उठले आणि किल्ली घेऊन आले.

लोहारा जाऊन-येऊन ऐंशी मैल. परत आल्यावर काटा बघून मी वही उघडली. पेट्रोल दहा रुपये दहा आणे आठ पै. आता याचा दर काढायचा. व्याज दहा रुपये दहा आणे आठ पै. मुद्दल शिल्लक, शून्य.

शून्यानं भागू नये, एवढंच पुण्याला शिकवलं होतं. भागायची वेळ आली तर काय करावं, ते सांगितलं नव्हतं. मी वही मिटली आणि बैठकीवरची पेंड झाडायला गेले. येताना मामांनी दोन पोती भाच्याच्या म्हशीसाठी दिली होती. आमच्याकडे म्हैस नाही.