अर्ध्या मापाची पेटी

सुनेची इलेक्ट्रिक गिटार गुण्या मिस्त्रींनी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा त्यांचं स्पष्ट मत पडलं की लाकूड ओलं असतानाच कापलंय.

"फसवलं तुला दुकानदारानं," ते म्हणाले. "ही बाजू बघ, पुढे पळालीय. ही मागे राहिलीय. कंबर एका रेषेत नाही. उन्हात ठेवली असणार, पिळवटली."

"बाबा, ती तशीच असते. मुद्दाम तशी कापतात. ऑफसेट म्हणतात तिला."

"मुद्दाम?" मिस्त्रींनी असा चेहरा केला, जणू कोणी सांगितलं की अमक्यानं हौसेखातर पाय मोडून घेतला.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. मिस्त्री बाहेर जाताना रुमाल विसरत, चष्मा विसरत, एकदा तर बायकोला दुकानात विसरून आले. पण गुण्या खिशात नाही असं कधी झालं नाही. मूळ नाव आता रेशनकार्डालाच ठाऊक होतं. एकदा तापानं दवाखान्यात पडले होते तेव्हा त्यांनी पलंगाला गुण्या लावला. पलंग कलता निघाला. हातातल्या सलाइनसकट खाली उतरून त्यांनी पायाखाली पुठ्ठा सरकवला, आणि तासाभरात ताप उतरला. डॉक्टर श्रेय औषधाला देतात, तो भाग वेगळा.

सून त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायची. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात तिघंच. सासरा-सुनेचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. "चहा घेणार, बाबा?" आणि "घेतो," एवढ्यावर दीड वर्ष निभावलं होतं. मिस्त्रींना फार वाटायचं की या पोरीसाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं. पण एक्स-रेला सुतार लागत नाही.

सून खुर्चीत बसली आणि तिनं गिटार मांडीवर घेतली. "सरळ कंबरेची गिटार बसून वाजवताना घसरते. ही बघा, हात सोडले तरी जागची हलत नाही. माणूस कोपरावर रेलून बसतो ना, तशी बसते."

मिस्त्रींनी पाहिलं. बसली होती खरी. पण आळशी माणसंही नीट बसतात, म्हणून काय त्यांचं कौतुक करायचं?

"जरा लहरी आहे," सून पुढे म्हणाली. "तारा जिच्यावर टेकतात ती ही घोडी. जोरात वाजवलं की जाडी तार हिच्यावरून उडते. आणि घोडीमागे उरलेल्या तारा आपल्या आपण गुणगुणत बसतात."

"म्हणजे अगदी ह्यांच्यासारखी," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "विचारलेलं नसताना मागून पुटपुट."

तेवढ्यात सुनेनं खरी अडचण सांगितली. येत्या रविवारी दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांचा वार्षिक कार्यक्रम होता. तिचा चौघांचा बँड पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होता. गाणारी नर्स, कीबोर्डवर औषधांच्या खिडकीतल्या बाई, ड्रमवर भूल देणारे डॉक्टर, आणि गिटारवर ही. आणि नेमकी गिटारच्या पेटीची बिजागरी तुटली होती, तळाला भेग पडली होती. सभागृह तासाभराच्या अंतरावर. उघडी गिटार बसमधून न्यायची कशी?

मिस्त्री उठून उभे राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा घरात सुताराचं काम निघालं होतं.

"पेटी मी करतो."

"बाबा, कशाला त्रास? मी चादरीत गुंडाळून..."

"चादरीत?" मिस्त्रींचा आवाज चढला. "सुताराच्या घरातली वस्तू चादरीत गुंडाळून जाणार? शनिवारी संध्याकाळी पेटी तुझ्या हातात नसली, तर हा गुण्या मी चुलीत घालीन."

"गॅसची शेगडी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि गुण्या लोखंडाचा आहे."

"कागदावर पूर्ण आकार काढून देऊ का?" सुनेनं विचारलं. "दोन्ही बाजूंचा?"

"अर्धा पुरे," मिस्त्री म्हणाले. "अर्धा मी घेतो, उरलेला आपोआप येतो."

हे त्यांचं आयुष्यभराचं तंत्र होतं. दार असो, कपाट असो, नाहीतर आरशाची नक्षीदार चौकट, मिस्त्री माप फक्त अर्ध्या भागाचं घेत. मग कागद मधोमध दुमडायचा, कात्री चालवायची, उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. अर्धा वेळ वाचतो, आणि चूक झालीच तर दोन्हीकडे सारखी होते, म्हणजे नक्षी वाटते.

सासूबाईंचा या तंत्रावर जुना राग होता. स्वयंपाकघरातली डब्यांची फळी मिस्त्रींनी भिंतीच्या बरोबर मध्यावर ठोकली होती. त्यामुळे रोजचे डबे जाऊन बसले डावीकडे, मोरीच्या वर. सासूबाईंचा डावा खांदा आखडलेला. तीस वर्षं त्या म्हणत होत्या, "अहो, एक वीतभर उजवीकडे घ्या ती." आणि तीस वर्षं उत्तर ठरलेलं होतं: "मधोमध नसली तर भिंत बोंबलेल."

बुधवारी सून कामावर असताना मिस्त्रींनी गिटार पलंगावर आडवी ठेवली, वरच्या बाजूचं माप घेतलं, कागद दुमडला, कात्री चालवली. गुरुवारी करवत. शुक्रवारी रंधा. आत गिटारच्या आकाराचा खोलगट खाचा कोरला, कडेनं निळी मखमल चिकटवली, कोपऱ्यांना पितळ ठोकलं. शनिवारी दुपारी पेटी अशी देखणी उभी राहिली, की सासूबाईसुद्धा हात पुसून बाहेर आल्या.

"छान झालीय हो," त्या म्हणाल्या. "आता घाला बघू."

मिस्त्रींनी गिटार उचलली आणि खाच्यात ठेवली. वरची बाजू लोण्यासारखी बसली. खालची बसेना. जिथे गिटारचा फुगवटा तिथे पेटीची कंबर, आणि जिथे गिटारची कंबर तिथे एवढी मोकळी जागा की एखादी मांजर पिल्लांसकट राहिली असती.

मिस्त्रींनी पेटीच्या चारही कोपऱ्यांना गुण्या लावला. मग शांतपणे म्हणाले, "पेटी बरोबर आहे."

"मग?"

"गिटार चुकलीय."

"ती बोलली होती," सासूबाई म्हणाल्या. "कंबर सरकलेली आहे म्हणून बोलली होती."

"मी ऐकलं होतं."

"ऐकलं होतं आणि दुमडलं होतं."

मिस्त्रींनी हार मानली नाही. त्यांनी गिटार पालथी करून घालून पाहिली. आता खालची बाजू वर आली, आणि अडायची ती दुसरीकडे अडली. शिवाय ती खालच्या काठात अशी रुतली की काढताना कर्रकन आवाज झाला. पुन्हा सुलटी केली, तळहात बरोबर मध्ये ठेवला, दात आवळले आणि दाबली.

टण्ण!

जाडी तार घोडीवरून उडाली. मिस्त्रींचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. त्यांनी तार जागेवर बसवली, आणि बसवताना त्यांच्या बोटांना काहीतरी जाणवलं. घोडी डुगडुगत होती. पुढे ढकलली की पुढे, मागे ढकलली की मागे.

"मोडली," ते पुटपुटले. "अगं, मी तिची घोडी मोडली."

आता खरी गोष्ट अशी, की या जातीच्या गिटारची घोडी मुळातच डुलती असते. पण हे मिस्त्रींना कोण सांगणार? डुगडुगणारी वस्तू म्हणजे एकतर अपुरं काम नाहीतर मोडलेलं काम, तिसरा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. सून यायला दीड तास होता. त्यांनी सागाच्या तुकड्यातून नखाएवढ्या दोन पाचरी तासल्या, घोडीच्या दोन्ही पायांशी बसवल्या, आणि हातोडीच्या दांड्यानं टक टक करून अशा ठोकल्या की घोडीचं डुलणं जन्मभरासाठी थांबलं. मग पटाशी घेऊन पेटीचा खालचा काठ तासला, फुगवट्याला जागा केली, मोकळ्या जागेत कापूस भरून नवी मखमल चढवली. हात पुसतात न पुसतात तोच दार वाजलं.

सुनेनं पेटी पाहिली. पितळेवरून बोट फिरवलं. गिटार आत ठेवली, झाकण लावलं, कडी बसली.

"बाबा," ती म्हणाली, "इतकी सुंदर वस्तू मला आजवर कोणी करून दिली नाही."

गिटारची माहिती सोडली तर दीड वर्षातलं हे तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं. त्यावर पाचरीची गोष्ट सांगायची म्हणजे भरल्या ताटात पाणी ओतण्यासारखं. मिस्त्री म्हणाले, "चहा घेणार?"

रविवारी दुपारी चार वाजता सभागृहात चाचणी सुरू झाली. मिस्त्री आणि सासूबाई पहिल्या रांगेत येऊन बसले होते. ड्रम दणाणले, कीबोर्ड गायला, नर्सनं माइकवर खाकरून दाखवलं. मग सुनेनं गिटार जोडून हात मारला.

आवाज आला, पण कसा? गादीखाली दडपलेल्या माणसानं हाक मारावी तसा.

"वायर बघा," साउंडवाला म्हणाला. वायर बदलली. तेच. अँप बदलला. तेच. "मॅडम, गिटारच गेलीय तुमची," साउंडवाल्यानं निकाल दिला आणि निवांत झाला.

"काल सकाळपर्यंत ठणठणीत होती," सून म्हणाली. तिनं घड्याळ पाहिलं. पाच वाजता लोक आत सोडणार होते.

"पेशंटची शुद्ध हरपलीय," ड्रमवरचे डॉक्टर म्हणाले. "पण भूल मी दिलेली नाही, हे लिहून ठेवा."

सासूबाईंनी मिस्त्रींना कोपरानं ढोसलं. मिस्त्री उठले. पहिल्या रांगेपासून मंचापर्यंत पाच पायऱ्या होत्या. मिस्त्रींना त्या पाच मजल्यांएवढ्या वाटल्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "भूल मीच दिलीय."

"म्हणजे?"

"काल पेटीत दाबताना घोडी मोडली. मी पाचरी ठोकल्या. तुला बोललो नाही. पेटी आवडली म्हणालीस, मग जीभच उचलेना."

सुनेनं वाकून पाहिलं. घोडीच्या पायांशी दोन बारीक सागाचे तुकडे, पॉलिश केलेले. रागवायचंही तिला सुचेना. "काढून बघू," ती एवढंच म्हणाली.

मग गिटार टेबलावर आडवी झाली आणि दवाखान्याचा निम्मा कर्मचारीवर्ग तिच्याभोवती गोळा झाला. नर्सनं पर्समधून चिमटा काढला. डॉक्टरांनी मोबाइलचा उजेड धरला. औषधांच्या खिडकीतल्या बाई घाम पुसायला उभ्या राहिल्या. चिमट्यानं ओढलं, नखानं ओढलं, डॉक्टरांनी चिमटा स्वतः घेऊन ओढलं.

"हलत नाही."

"हलणार नाही," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. त्या दुःखातही त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. "माझी पाचर आहे ती."

मान खाली होती म्हणूनच त्यांची नजर उघड्या पेटीवर गेली. खालच्या काठाच्या न तासलेल्या टोकाशी निळ्या मखमलीवर एक ओरखडा होता. नवीन. हा आपल्या हातचा नव्हे. सुताराचं डोकं दुःखातसुद्धा माप घेत असतं. गिटार पालथी रुतली होती ती इथेच. कर्रकन झालं ते इथेच. म्हणजे गिटारवरचं काहीतरी इथे घासलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. त्यांनी ओरखड्याच्या दोन्ही बाजूंची अंतरं बोटांनी मोजली आणि तीच बोटं उलटी फिरवून गिटारवर टेकवली. बोट वरच्या खांद्यावरच्या एका चिमुकल्या बटणाजवळ थांबलं. "हे काय आहे?"

"ते? ते मी कधीच वापरत नाही," सून म्हणाली. "त्यानं आवाज मंद, जाडा होतो. घेतल्यापासून हलवलं पण..."

ती बोलता बोलता थांबली. मग तिनं बोटानं बटण खाली ओढलं. टक. आणि तारांवर हात मारला.

सभागृहाच्या मागच्या रांगेत डुलकी घेणारा रखवालदार उभाच राहिला.

"शुद्धीवर आला पेशंट!" डॉक्टर ओरडले.

"आणि घोडी? मोडलेली घोडी?" मिस्त्रींनी विचारलं.

"ती मोडली नव्हती, बाबा. ती डुलतेच." सुनेला आता हसू आवरेना. "आता पाचरी राहू द्या. लोक यायला लागले."

पडदा वर जायच्या आत आणखी एक घोळ निघाला. मंचावरच्या सगळ्या खुर्च्यांना हात होते, आणि गिटारचा फुगवटा हाताला अडत होता. सुनेनं इकडे तिकडे पाहिलं, मिस्त्रींची पेटी आडवी ठेवली आणि तिच्यावर बसली. पेटी तसूभर हलली नाही. तीनशे माणसांसमोर आपलं काम आपल्या सुनेला पेलून धरतंय, हे पाहताना मिस्त्रींनी गाणं कुठलं होतं ते ऐकलंच नाही. त्यांना एवढंच दिसलं, की शेवटच्या गाण्यात तिनं असा दणकून हात चालवला की आता तार उडणार. त्यांनी डोळे मिटले. तार उडाली नाही.

टाळ्या थांबल्यावर ती खाली आली. "बाबा, वर्षभर मी त्या तारेला भिऊन हळू वाजवत होते," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा मनासारखं वाजवलं. त्या पाचरी कधीही काढायच्या नाहीत. कळलं?"

"कळलं, पोरी," मिस्त्री म्हणाले. सूनबाईची पोरगी कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी सासूबाई अंघोळ करून आल्या तर स्वयंपाकघरात भुसा पडला होता. मिस्त्री स्टुलावर उभे होते. डब्यांची फळी चक्क वीतभर उजवीकडे सरकली होती. डावीकडची भिंत उघडी, उजवीकडे फळी पार खिडकीला भिडलेली. गुण्या टेबलावर पालथा पडला होता.

सासूबाईंनी हात वर केला. खांदा न ताणता साखरेचा डबा हाताला लागला. तो त्यांनी काढला, ठेवला, पुन्हा काढला.

"काय हो हे?" त्या म्हणाल्या. "किती वाकडी दिसतेय भिंत."

"वाकडी नाही," स्टुलावरून उतरत मिस्त्री म्हणाले. "ऑफसेट म्हणतात तिला."