फोटोचं वजन विचारणारे वाघमारे काका

आमच्या गल्लीत एकाला मुलगी झाली. त्याने हौसेने मोबाइल पुढे करून बाळाचा फोटो दाखवला. वाघमारे काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"झ्याक हाय. वजन किती?"

"तीन किलो," बाप म्हणाला.

"लेकराचं न्हाई वो. फोटोचं!"

बापाला ते ठाऊक नव्हतं. काकांनीच तपासलं. साडेसात एमबी. "चार दिवसांचं लेकरू आन् केवढा भार!" म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला, फोटो स्वतःकडे मागवून घेतला, घरी जाऊन हलका केला आणि मगच मिठाई खाल्ली.

काका सरकारी नोकरीत होते. लोहा, उमरी अशा बदल्या होत होत शेवटी लातुरात निवृत्त झाले. आता खोलीत जुना कॉम्प्युटर, त्यावर फुलाफुलांचं कापड, आणि दिवसभर एकच उद्योग: लोकांचे फोटो हलके करणं. कुणी सांगितलेलं नसतं. गल्लीच्या ग्रुपवर मी रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतो, त्यावर पाच मिनिटांत काकांचं उत्तर येतं: "सर, आजचं फूल चार एमबीचं हाय. लोकांनी उघडायचं कसं?" पाठोपाठ तेच फूल हलकं होऊन पुन्हा हजर. लोक त्या दुसऱ्या फुलाला हात जोडतात. माझ्या फुलाला कुणी विचारत नाही.

एकदा त्यांनी एका वास्तुशांतीची पत्रिका इतकी दाबली, की मला ११ तारीख १९ दिसली. आठ दिवस उशिरा मी आहेराचं पाकीट घेऊन पोचलो. यजमान लुंगीवर होते. काकांना जाब विचारला, तर म्हणाले, "बाकी समदे येळेवर आले की. चष्म्याचा नंबर काढा."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा माझा समज आहे आणि तो मी आजवर जपून ठेवला आहे. बढतीचा ऑनलाइन अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा बायको म्हणाली, "वाघमारे काकांना विचारा." मी म्हणालो, "एवढ्यासाठी?"

फोटो पन्नास केबीच्या आत हवा होता, सही वीसच्या. फोटो लहान करायचा म्हणजे कापायचा, हे मी ओळखलं. आधी खांदे कापले. मग कान. मग कपाळ. शेवटी नाक आणि मिशी एवढाच ऐवज उरला, तरी दोनशे केबी! सहीचंही तेच. सही मोठी आहे म्हणून जड होत असेल, असं वाटून मी कागदावर ती लहान लहान करत गेलो. मग आडनाव गाळलं. शेवटच्या सहीत नुसतं एक अक्षर आणि टिंब होतं. मशीन म्हणालं, मर्यादेपेक्षा जास्त.

असे चार दिवस गेले. शेवटच्या तारखेला दुपारी मी काकांच्या दारात उभा राहिलो.

काकांनी माझं नाक बराच वेळ पाहिलं. मग सह्या पाहिल्या.

"सर, आडनाव कुठं गेलं?"

"वजन कमी करत होतो."

काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "सही ल्हान केली तरी कागद तेवढाच राहिला की. अन् अर्जावर फोटो दिसणार अंगठ्याएवढा, तुम्ही आणलाय भिंतीएवढा. पयले लांबी-रुंदी उतरवायची. कापाकापी कशाला?" त्यांनी कान-खांद्यांसकट मूळ फोटो मागितला, दोन आकडे बदलले. अठ्ठेचाळीस केबी. "बसला!" सहीही आडनावासकट बसली. अर्ज गेला. चार दिवसांचं माझं संशोधन सात मिनिटांत निकालात निघालं.

मी उठणार, तोच काका म्हणाले, "आता तुमी माझं एक काम करा." आत जाऊन ताट घेऊन आले. भाकरी, वरण, कांदा. खाली बसले, केसांवरून हात फिरवला, घास तोंडाशी नेला. "काढा फोटो. घास दिसला पायजे."

"कशाला?" मी फोन हातात घेत विचारलं.

"आमच्या अक्काला धाडायचाय," काका म्हणाले. त्यांची थोरली बहीण देवणीच्या पलीकडे गावात एकटी राहते. "तुमची काकू गेल्यापासून अक्काला वाटतंय, मी जेवतच न्हाई. आधी नुस्त्या ताटाचा फोटो धाडायचो. एकदा कट्टाळा आला, चूल पेटवलीच न्हाई. कालचाच फोटो आज धाडला. वळखलं की तिनं! म्हणली, भाकरीचा कोर कालच्याच जागी तुटलाय. तवापासून म्हणती, तोंड दिसू दे. एका हातात घास, एका हातात फोन, माझा हात हालतोय."

मी फोटो काढला. काकांनी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि किती तरी वेळ आकडे वरखाली करत बसले. माझ्या अर्जाला त्यांनी एवढा वेळ दिला नव्हता.

"तिकडं रेंज न्हाई. शंभर केबीचा गेला तर नुस्ता गोल फिरतोय. साठवर आणला तर माझं तोंड तिला दिसंना. ऐंशीला दोन्ही जमतंय. हे सापडायला मला सहा महिने लागले, सर. ह्याच्यापायीच तर कॉम्प्युटर शिकलो."

फोटो गेला. काका फोनकडे बघत राहिले. ताट तसंच. थोड्या वेळाने अक्कांचा व्हॉइस मेसेज आला, खणखणीत आवाजात: "तुकाराम, फोटो पोचला रं. पर लई बारीक झालास की तू!"

काकांनी बटण दाबून उत्तर दिलं, "फोटो बारीक केलाय अक्का, मी न्हाई." आणि खो-खो हसले. मीही हसलो.

हसताना त्यांच्या मानेकडे लक्ष गेलं. शर्टाची कॉलर दोन बोटं आत जातील इतकी सैल झाली होती. सहा वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहतो. रोज सकाळी त्यांना दिसतो, ते मला दिसतात.

"काका," मी म्हणालो, "मलाही वाढा. चार दिवस अर्जापायी धड जेवलो नाही."

हे खोटं होतं. तासापूर्वीच मी पोटभर जेवलो होतो.

काका आत गेले, दुसरं ताट घेऊन आले. "एकच टाकलीय," ते म्हणाले, आणि भाकरी मधोमध मोडली.