रोड व्हायची बाईक

माणूस जन्माला येतो तेव्हा जेमतेम तीन किलोचा असतो आणि त्यापुढं जे काही वाढतं ते घरच्यांच्या प्रेमानं वाढतं, हे सर्वमान्य आहे. वैद्यकशास्त्रात या प्रेमाला साखर म्हणतात. सांगलीजवळच्या एका गावात राहणाऱ्या आणि कुपवाडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या आकारामवर घरच्यांचं प्रेम अंमळ जास्तच होतं. त्यामुळं शेहेचाळिसाव्या वर्षी त्याला स्वतःच्या शर्टाचं शेवटचं बटण दिसत नसे. (लागतही नसे, पण ती वेगळी बाब.)

डॉक्टरीणबाईंनी साखरेचा रिपोर्ट बघितला आणि सहा महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात पोट उतरलं तर ठीक, नाहीतर रोज सकाळी त्याच पोटात सुई. आता आकाराम सुईला भ्यायचा, आणि हे भिणं साधंसुधं नव्हतं. लसीकरणाच्या रांगेत पुढच्या माणसाला टोचलेलं बघून तो आडवा झाला होता, आणि आडवा होता म्हणूनच त्याला लस देता आली होती. 

"मी रोज दवाखान्यात सायकलनं येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हीही कामावर सायकलनं जात जा. चांगली रोड बाईक घ्या."

इंग्रजीत रोड म्हणजे रस्ता, हे आकारामला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डॉक्टरीणबाई स्वतः अंगानं वेताच्या छडीएवढ्या, समोर पोटाचा विषय निघालेला, आणि आपल्याकडं रोड म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं घरी येऊन त्यानं मोठ्या आनंदानं जाहीर केलं, "रोड व्हायची बाईक निघालीया. बसलं की मानूस रोड."

त्याची आई बयाबाई जागच्या जागी उभी राहिली. "आपल्या घरात आजवर कोन रोड झालं न्हाई," ती म्हणाली. "तुझा बा गेला तवा खांदेकऱ्यांच्या खांद्याला फोड आलं हुतं. तू रोड झालास तर गाव काय म्हनंल? सुनंनं उपाशी मारला म्हनंल!"

"आवं, मग भाकरी एक कमी खावा की," त्याची बायको संयोगिता म्हणाली. ही सूचना अशास्त्रीय असल्यामुळं तिच्यावर चर्चा झाली नाही.

आकाराम हा शिस्तीचा माणूस. कारखान्यात साधा नटबोल्ट आणायचा तरी तो तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायचा, आणि तोवर यंत्र बंद राहिलं तर यंत्रानं वाट बघायची. तेव्हा सायकल घ्यायची म्हणजे आधी निवड समिती नेमणं आलंच. अध्यक्ष स्वतः आकाराम. संरक्षणविषयक सल्लागार म्हणून शेजारचे रिटायर सुभेदार तानाजी, कारण त्यांनी लडाखला सायकल पाहिली होती. तांत्रिक सदस्य कोंडीबा, ज्याचं कुपवाडला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे आणि जगातली कुठलीही अडचण वेल्डिंगनं सुटते यावर ज्याची श्रद्धा आहे. बैठका कमानीजवळच्या हॉटेलात, वडापाव आणि चहासह होत. (बैठकीला चालत कोणीही येत नसे.)

समितीनं एकमतानं काही निकष ठरवले. सायकल अंगानं रोड असावी, म्हणजे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्यासारखा गुण लागेल. टायर बांगडीएवढा बारीक असावा, मात्र त्यावर शहाण्णव किलो निर्धास्त बसावेत. सीटबद्दल बरीच खडाजंगी झाली, कारण नमुन्यादाखल पाहिलेली सीट कोंडीबाला सुपारी फोडायचं हत्यार वाटली. शेवटी 'सीट असावी' एवढाच ठराव मंजूर झाला.

घरी आकाराम कॉटवर पडून सायकलींचे व्हिडिओ बघायचा. छातीवर मोबाईल, कुशीला भडंगाची पिशवी. महिनाभरात तो कार्बन आणि ॲल्युमिनियम यांवर असं बोलू लागला की ऐकणाऱ्याला दम लागावा. सायकलीचं वजन शंभर ग्रॅमनं उतरवायला परदेशात लोक किती कष्ट घेतात हे त्याला समजलं तेव्हा तो भडंगाची दुसरी पिशवी फोडत होता. त्या कष्टांनी त्याचे डोळे पाणावले. तिखटानंही पाणावले असतील.

पुढं समितीचा साताऱ्याला अभ्यासदौरा झाला. यवतेश्वरच्या घाटात सकाळी सायकलवाले चढतात असं कळलं होतं, तेव्हा समितीनं गाडीच्या काचा वर करून, एसी लावून, त्यांचं जवळून निरीक्षण केलं. सुभेदारांनी एकदा काच खाली घेऊन "शाबास जवान, दम लगाके!" असं प्रोत्साहनही दिलं. येताना प्रत्येकी किलोभर कंदी पेढे घेतले. तीन महिन्यांच्या या अभ्यासात समितीच्या एकूण वजनात अकरा किलोंची भर पडली, आणि एवढी ठोस वाढ दाखवणारी समिती जिल्ह्यात दुसरी नसावी.

चौथ्या महिन्यात सायकल आली. दारात उभी केली, म्हणजे भिंतीला टेकवली, कारण तिला स्टँड नव्हता. कॅरेज नव्हतं, मडगार्ड नव्हतं, घंटीसुद्धा नव्हती. बयाबाईनं तोंडावर हात ठेवला.

"आगं बया! हिला म्हायेरी खायला घालत न्हवतं व्हय?"

तरी नवी गाडी ती नवी गाडी. हळदकुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला आणि रिवाजाप्रमाणं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. जीपखाली लिंबू फुटतं, ट्रॅक्टरखाली त्याचा मागमूस राहत नाही. पण बांगडीएवढ्या टायरखाली लिंबू ठेवल्यास काय होतं, याचा अभ्यास जगात कुठल्याच व्हिडिओवाल्यानं केलेला नाही. आकाराम डोक्याला हेल्मेट आवळून बसला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि पायडल मारलं. लिंबू फुटलं नाही. ते डावीकडं गेलं, चाक उजवीकडं गेलं आणि शहाण्णव किलो सरळ खाली आले. उठून बघतात तो चाक निखाऱ्यावर भाजलेल्या पापडासारखं वाकडंतिकडं झालेलं.

चौकशीअंती लिंबू निर्दोष ठरलं. (ते नंतर सरबतात वापरलं.) दोष चाकाचा होता.

"चाक भक्कम पायजे," कोंडीबानं निदान केलं. "सोड गड्या, मी बनवतो. हत्ती बसला तरी वाकायचं न्हाई."

त्यानं खरोखरच तशी चाकं बनवली. रिम जाड, तारा दुप्पट, टायर दुधवाल्याच्या सायकलीचे. चाकं जाड झाल्यामुळं ती धरणाऱ्या मूळच्या चिमट्यात बसेनात, म्हणून चिमटा बदलला. नवा चिमटा जड झाल्यामुळं सांगाड्याला आडवी पट्टी मारली. एवढं वजन भिंतीला टेकवलं तर भिंतीला तडा जाईल, म्हणून लोखंडी डबल स्टँड लावला. स्टँड आहे तर कॅरेज का नको, आणि कॅरेज आहे तर मडगार्डनं काय घोडं मारलंय, असं प्रत्येक पाऊल तर्काला धरून पुढं पडत गेलं. सायकल घरी आली तेव्हा टेम्पोतून उतरवायला चौघं लागले.

बयाबाईनं तिच्या सीटवरून मायेनं हात फिरवला. "आता कशी अंगानं भरली!" ती म्हणाली. घरात आलेला रोड जीव घरानं पोसला होता, आणि तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

आकाराम मात्र हिमतीचा. पाचव्या महिन्यात एका सोमवारी तो खरंच कामावर सायकलनं निघाला. वेशीपर्यंत तिघांनी थांबवून विचारलं, "गाडीला काय झालं रं?" चौथ्यानं पेट्रोलची बाटली काढून दिली. पाचवा त्याचा मामेसासरा निघाला, त्यानं "जावईबापू, काय अडचण हुती तर बोलायचं की," म्हणत डोळे पुसले. सहावा कोंडीबाचा टेम्पो. मित्र सायकलीवर आणि आपण टेम्पोत, हे त्याला बघवेना. त्यानं दोघांनाही उचलून मागं घातलं. आपल्या भागात माणुसकी अजून शिल्लक असल्यामुळं व्यायाम करणं अवघड जातं. त्या दिवसापासून आकाराम पुन्हा मोटारसायकलनं जाऊ लागला आणि सायकल घराच्या पुढच्या सोप्यात दाराला आडवी राहिली.

ती आडवी असल्यामुळं संयोगिताला रोज सकाळी झाडायला ती अंगणात न्यावी लागे, आणि किमती वस्तू म्हणून संध्याकाळी परत आत. स्टँडवरून काढायची, उंबऱ्यावरून एकेक चाक उचलून काढायची, पुन्हा स्टँडवर चढवायची. दिवाळीत कोणी पाहुणे आले की आणखी दोन फेऱ्या.

अशी मुदत भरली. नवराबायको दवाखान्यात गेले. आकाराम काट्यावर चढला आणि काटा नव्व्याण्णवावर थांबला.

"सायकल घेतली नाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेतली की!" आकाराम उत्साहानं म्हणाला. "चाकं तर अशी भक्कम हायती म्हनता! आता निस्तं नव्या टायरचं ठरायचं राहिलंय. एक महिना वाढवून द्या, बाई. पाया पडतो." शेवटचं वाक्य तो खरोखर कळवळून बोलला, कारण मेजावर सुईचा ट्रे आला होता.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष मात्र संयोगिताकडं होतं. गालफडं उतरलेली, दंड पिळदार, चेहऱ्यावर तेज. सहज म्हणून तिला काट्यावर उभं केलं तर मागच्या खेपेपेक्षा नऊ किलो कमी.

"तुम्ही काय करता हो?"

"मी? काय न्हाई," संयोगिता म्हणाली. "सायकल हलवती."

सुई कशी द्यायची ते डॉक्टरीणबाईंनी तिलाच शिकवलं, कारण तिचा हात अजिबात थरथरत नव्हता. आता रोज सकाळी ती आधी सायकल बाहेर काढते, मग नवऱ्याला टोचते. तो आडवा होतोच. आडवा झालाच आहे म्हणून मग उशाचा मोबाईल घेतो आणि हलक्या चाकांचे व्हिडिओ बघतो, कारण भक्कम चाकांत काही अर्थ नाही असं त्याचं मत होत चाललंय. बयाबाई सुनेला दोन भाकऱ्या जास्त वाढते, तरी गुण येत नाही. गावातल्या बाया मात्र येऊन सायकलीला हात लावून जातात आणि म्हणतात, नावापरमानं लागू पडली बाई, निस्ती भलतीला पडली.

इथवर वाचलेल्या सुजाण वाचकाला आकारामची कीव आली असेल आणि त्याबरोबर एक शंकाही मनात आली असेल, की मुळात त्यानं सायकल कुठल्या कंपनीची घेतली, चाकं नेमकी कुठली बसवायला हवी होती, आणि आपल्याला घ्यायची झाली तर कुठली बरी. ही शंका ज्यांना बसल्या बसल्या आली त्यांनी निवांत समिती नेमावी. ज्यांना पडल्या पडल्या आली त्यांनी दवाखान्यात यावं. वेळ सकाळी दहा ते एक, आणि तपासणीला आलेला आकाराम बाकावर सरकून जागा करून देतो.