वाघमारे काकांचा बर्फातला फोटो

आमच्या शेजारच्या वाघमारे काकांच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी कॅमेरा असतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बर्फ मागायला गेलो होतो. "त्याला थंडीची सवय लावतोय," काका म्हणाले. "ऐन वेळी आखडायला नको. थिअरी क्लिअर पाहिजे."

थिअरी अशी, की काश्मीरमध्ये बर्फ पडला की सकाळच्या पहिल्या गाडीआधी रुळांवरून एक इंजिन धावतं. त्याच्या तोंडाला लोखंडी पातं असतं आणि ते दोन्ही बाजूंना बर्फ उडवत जातं. काकांना त्याचा एक फोटो हवाय. एकच. त्यासाठी निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात ते मीरा रोडच्या आमच्या बेव्हर्ली पार्कातून निघतात आणि बनिहालच्या पुढच्या एका चिमुकल्या स्टेशनावर जाऊन थडकतात.

बाकी वर्षभर तयारी. जवळच्या काशीगावात पाइपलाइन फुटली की लोक हंडे घेऊन धावतात, काका कॅमेरा घेऊन. डबक्यातून टेम्पो गेला की उडणारं पाणी टिपायचं. "बर्फपण असाच उडतो. फक्त पांढरा." एकदा एका डंपरनं त्यांना नखशिखान्त आंघोळ घातली, तर त्यालाच हात करून म्हणाले, "भाई, एक बार और! थोडा स्पीड में!" भर डिसेंबरात आम्ही पंखे लावून बसतो आणि हा माणूस माकडटोपी घालून भाजीला जातो.

आणि एवढं करून फोटो? नाहीच. एकदा बॅटरी उतरली, एकदा कार्ड घरी राहिलं, एकदा लेन्सचं झाकण काढायचं विसरले. सोसायटीत यथेच्छ टिंगल व्हायची. मीही करायचो. शेवटी यंदा म्हटलं, आपणच बरोबर जाऊ आणि याचा सोक्षमोक्ष लावू.

प्रवासभर त्यांच्या बॅगेतून उत्तनच्या सुक्या बोंबलांचा वास. अख्खा डबा नाकाला रुमाल लावून बसलेला.

"हे कुणाला?"

"बशीरच्या अम्मीला आवडतात."

बशीर त्या स्टेशनावर रुळांची देखभाल करतो. आम्ही उतरलो तर तो समोर उभाच. "चाचा, इतनी देर? अम्मी कब से पूछ रही है."

घरी म्हातारीनं काकांच्या मापाचा नवा फेरन शिवून ठेवला होता. भात कमी घेतला म्हणून ती त्यांच्यावर डाफरली आणि काका मान खाली घालून हसत बसले. असं हसताना मी त्यांना मीरा रोडला कधी पाहिलं नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमच्या इमारतीत त्यांची बेल वाजवतो तो फक्त सिलिंडरवाला.

त्या रात्री बर्फ पडला. सकाळी लख्ख ऊन. बशीरनं दाखवलेल्या उंचवट्यावर आम्ही उभे राहिलो. बॅटरी भरलेली, कार्ड आत, झाकण मी स्वतःच्या हातानं काढलेलं. आणि इंजिन आलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! दोन्हीकडे माणसाहून उंच बर्फ उडत होता. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि खाली घेतला.

"काका, दाबा ना!" मी ओरडलो. तोवर इंजिन वळणापार गेलं आणि आमच्या अंगावर बर्फाची भुरभुर राहिली.

"काढला असता रे," काका हळूच म्हणाले. "मग पुढच्या वर्षी काय सांगून येऊ?"

"असेच या की."

"असंच कसं? काही काम नसताना कोणाच्या घरी जाऊन राहतं का माणूस? बरं दिसतं का ते?"

मी लेन्सचं झाकण परत लावलं. तेवढ्यात बशीर बर्फ तुडवत वर आला. "चाचा, आया फोटो?"

काका माझ्याकडे बघायला लागले.

"मेरा धक्का लग गया," मी म्हणालो. "हिल गया फोटो."

बशीरनं मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग काकांच्या खांद्यावरचा बर्फ झटकत म्हणाला, "कोई बात नहीं, चाचा. अगले साल आना. बस, इनको मत लाना."