मंदाकाकूंचं आयर्लंड

मंदाकाकूंच्या घरी गेलं की चहा लगेच मिळत नाही. आधी मतदान होतं. काकू फ्रिजवरचं पॅड काढतात, त्यावर चहा, कॉफी, ताक असं लिहितात आणि म्हणतात, "पसंतीक्रम लावा. एक, दोन, तीन. नुसती खूण चालणार नाही." समजा आम्ही पाच जण आहोत. चहाला दोन मतं, कॉफीला दोन, ताकाला एक. मग ताक बाद. ताकवाल्याची दुसरी पसंती बघायची. ती कॉफी निघाली की पाचही जण कॉफी पितात.

"काकू, मला चहा हवा होता."

"समीर, जनादेश आहे. प्यायची."

ही पद्धत आयर्लंडची. काकू सांगलीच्या. आयर्लंडला त्या कधीही गेलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या श्रूजबरीत चाळीस वर्षं राहतायत, हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्या, काका गेल्यापासून एकट्याच असतात. पण आयर्लंडमधल्या कुठल्या मतदारसंघात कितव्या फेरीत कोण पडला, हे त्यांना तोंडपाठ. अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल विचारलं तर म्हणतात, "इथे काय, दोनच पक्ष. त्यात डोकं कुठे लागतं?"

ओपिनियन पोल हा त्यांचा दुसरा प्राण. माझी बायको एकदा सहज म्हणाली, "कालचं श्रीखंड सगळ्यांना आवडलं." काकूंनी चष्मा वर केला. "सगळ्यांना म्हणजे किती जणांना विचारलंस? आणि विचारलंस कसं? 'आवडलं ना?' असं विचारलं असशील, तर तो पोल मी धरत नाही." चुकीची माहिती त्यांना खपत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी काही फॉरवर्ड केलं की दहा मिनिटांत काकूंचा मेसेज येतो : 'आधार काय?'

गेल्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षपदाला तिघं उभे राहिले. काकूंनी तिथेही पसंतीक्रम लावायला लावला. मोजणी होईपर्यंत साबुदाणा वडे गार झाले. पहिल्या फेरीत पुढे असलेले कुलकर्णी शेवटच्या फेरीत पडले. ते चिडून म्हणाले, "हे काय आयरिश खूळ!" काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पुष्कळांची पहिली पसंती होतात, कुलकर्णी. पण बाकी कुणाचीच दुसरी नव्हतात. विचार करा."

हे सगळं त्यांच्या डोक्यात भरलं समोरच्या घरातल्या नोरानं. नोरा मूळची आयर्लंडमधल्या खेड्यातली, आता नव्वदीला टेकलेली. दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. रोज सकाळी दहाला काकू थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन रस्ता ओलांडायच्या आणि टॅब्लेटवर तिकडचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायच्या. मग दोघी भांडायच्या. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे वैरी असलेले दोन जुने पक्ष एकत्र येऊन सरकार चालवतात, हे नोराला पटत नसे. ती म्हणायची, माझे वडील त्या लोकांच्या दुकानातून साधा ब्रेडसुद्धा घेत नसत! काकू म्हणायच्या, "नोरा, मी महाराष्ट्रातून आलेय. युती-आघाडी मला नवीन नाही. तू फक्त खाती कुणाला मिळतात ते बघ."

मागच्या हिवाळ्यात नोरा किचनमध्ये पडली. तिच्या मुलीनं तिला जवळच्या वूस्टरमधल्या, वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. नेमका त्याच सुमारास तिकडे निकाल लागला आणि कुणालाच बहुमत मिळालं नाही. वाटाघाटी सुरू झाल्या.

काकू बर्फात गाडी काढत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत. त्या हिवाळ्यात त्यांनी काढली. हायवे टाळून, आतल्या रस्त्यांनी, मागच्यांचे हॉर्न खात रोज जायच्या. मी म्हटलं, "काकू, फोनवर वाचून दाखवा ना."

"फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. आणि अपक्ष आता सौदा करतायत. अशा वेळी बाईला बातमीवाचून ठेवायचं?"

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं, आणि काकूंनी मला फोन केला. "समीर, तुझी गाडी बर्फात चालते. नेशील का?" नेलं. खोलीत नोरा खिडकीकडे तोंड करून पडली होती, अगदी लहान झालेली. काकूंनी खुर्ची ओढली, चहा ओतला, टॅब्लेट उघडला.

"कालची बैठक फिसकटली, नोरा. घरांच्या प्रश्नावर. अपक्ष सही करायला तयार नाहीत."

नोराचे डोळे उघडले. "मूर्ख आहेत सगळे," ती म्हणाली. "पुढची बैठक कधी?"

"गुरुवारी."

मी काकूंच्या मागे उभा होतो. टॅब्लेटवर हवामानाचं पान होतं. आणि सरकार स्थापन होऊन तीन आठवडे झाले होते. ती बातमी खुद्द काकूंनीच आम्हाला चहाच्या मतदानाच्या आधी दिली होती, खातेवाटपासकट.

नोराचा निरोप घेऊन आम्ही परत निघालो. गाडीत मला राहवेना. "काकू, सरकार तर झालंय."

"झालंय." त्या समोरच्या वायपरकडे बघत होत्या. "नर्सिंग होममध्ये आली त्या दिवशी नोरा मला म्हणाली, तेवढं सरकार कोणाचं येतं ते कळू दे, मग मी जायला मोकळी. हसत म्हणाली. पण मी लॅबमध्ये तीस वर्षं काढलीत रे, माणूस केव्हा हसत खरं बोलतं ते कळतं मला."

"तिच्या मुलीला माहीत आहे?"

"तिला विचारूनच चाललंय. नर्सनाही सांगून ठेवलंय."

सिग्नलला गाडी थांबली. काकू हळू आवाजात बोलायला लागल्या. "तुझे काका गेले तेव्हा सगळे येऊन मला धीर द्यायचे. मला कुणाचं ऐकवत नव्हतं. ही नोरा रोज काठी टेकत यायची, सोफ्यावर बसायची आणि तिच्या गावची मतमोजणी सांगायची. कोण किती मतांनी पडलं, कोणाचा काका कोणाशी बोलत नाही. मी नुसतं हूं हूं करायचे. दोन महिने. मग एक दिवस मीच विचारलं, बाई, ही मतं फिरतात कशी? काका गेल्यावर मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

"आता गुरुवारच्या बैठकीत काय अडवायचं ते सांग," काकू म्हणाल्या. "घरं झाली, हॉस्पिटलं झाली. हुशार आहे ती, तेच तेच सांगितलं तर पकडेल."

"पाणीपट्टी?" मी म्हटलं.

"पाणीपट्टीवर दोन आठवडे सहज निघतील," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पॅड काढून लिहायला लागल्या.