मावशीला आवडलेली बिअर

भाच्याने नव्या दुकानातल्या पहिल्या बिअरचा ग्लास मावशीच्या हातात दिला आणि बाकीच्या नातेवाइकांसारखी तीही "छान झालीय" म्हणेल, अशी आशा धरली. ही त्याची चूक. मावशीने सगळी नोकरी इस्पितळात केली होती, तीही वॉर्डाची मुख्य सिस्टर म्हणून. सुई टोचताना "काही दुखणार नाही" असं ती एकाही पेशंटला कधी म्हणाली नव्हती. "दुखेल, हात हलवू नका," एवढंच म्हणायची.

तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि ग्लास टेबलावर ठेवून हातभर लांब सरकवला.

"कशी आहे?" भाच्याने विचारलं.

"डोकेदुखीची गोळी चघळल्यासारखी."

"अगं मावशी, ती कडूच असते. कडूपणासाठी मुद्दाम हॉप्सची फुलं जास्त घातलीत. हल्ली लोकांना असलीच आवडते."

"मग लोकांना विचार. मला विचारलंस म्हणून मी सांगितलं."

भाच्याने चांगली इंजिनियरची नोकरी सोडून बायकोबरोबर हे दुकान काढलं होतं. सकाळी बायकोची कॉफी आणि संध्याकाळी काचेमागच्या दोन टाक्यांत त्याने स्वतः बनवलेली बिअर. बायकोला वाटलं, आपल्या कॉफीवर तरी मावशी प्रसन्न होतील. तिने पातळ, आरपार दिसणारी काळी कॉफी पुढे ठेवली आणि म्हणाली, "यात संत्र्याच्या सालीचा वास येतो, बघा."

"येतो खरा," मावशी म्हणाली. "पण मला संत्रं हवं असतं, तर मी संत्रंच खाल्लं असतं." मग पर्स उघडून तिने साखरेची डबी काढली आणि दोन चमचे साखर कपात ओतली.

"मावशी, आपण इथे साखर ठेवत नाही," भाचेसून हळूच म्हणाली.

"म्हणूनच घरून आणली. आता जरा दूध दे. उकळतं दे, कोमट नको."

शेजारच्या टेबलावर चष्मेवाला बसला होता. त्याचं चष्म्यांचं दुकान भिंतीला भिंत लागून. मघापासून तो सगळ्यांचं "छान, छान" ऐकत होता आणि त्यातलं एकही त्याला खरं वाटलं नव्हतं. त्याने भाच्याला बोटाने बोलावलं. "मला ती बिअर द्या. मावशींना आवडली नाही ती."

त्याने ती प्यायली, मान डोलावली आणि दुसरी मागवली. दुसऱ्या दिवशी तो वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी मावशीने नावं ठेवलेली कॉफी मागितली. ती त्यांना इतकी आवडली की दवाखान्यातल्या पेशंटांनाही त्या तीच प्यायला पाठवू लागल्या, अर्थात दात दाखवून झाल्यावर.

मग गंमत वाढत गेली. भाच्याने दारात एक फळा लावला आणि त्यावर खडूने मावशीचं मत लिहायला सुरुवात केली. "आंबट बिअर. मावशी म्हणतात: नासलेल्या सरबतासारखी." टाकी चार दिवसांत रिकामी. "गव्हाची बिअर. मावशी म्हणतात: साबणाचं पाणी." तीही संपली. लोक फळा वाचून हसत आत यायचे आणि सगळ्यात वाईट शेरा जिला मिळाला असेल ती मागायचे. मावशीची जीभ आणि गावाची जीभ यांची तोंडं बरोबर उलट्या दिशांना होती, आणि हे इतकं बिनचूक होतं की भाचा इतर कुणाला चव विचारेनासाच झाला.

मावशीला यात काही गैर वाटलं नाही. उलट, जन्मभर तिला खरं बोलल्याबद्दल बोलणीच बसली होती. नणंदेने अबोला धरला होता, मोठ्या डॉक्टरांनी बदली केली होती. आता पहिल्यांदाच तिचं खरं बोलणं कुणी सुंदर अक्षरात लिहून दारात लावत होतं. खिडकीजवळची खुर्ची तिची ठरली. ती रोज ताठ बसून घोट घ्यायची, आणि लोक तिचं तोंड वाकडं होण्याची वाट पाहायचे.

पहिली शंका तिला कॉफीवरून आली. एकदा सुनेकडून बिया जरा जास्त भाजल्या गेल्या. कॉफी काळीकुट्ट, दाट, जळक्या साखरेच्या वासाची झाली. मावशीने दूध-साखर घालून ती प्यायली आणि म्हणाली, "आज जमली बघ तुला." सुनेचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मावशीने तीच मागितली.

"ती संपली," सून मशीन पुसत म्हणाली.

"काल तर बरणी भरलेली होती."

सून तीच जागा पुन्हा पुसत राहिली. मावशीने दुसरी कॉफी घेतली. पण वॉर्डात कुठल्या पेशंटने गोळी गिळली आणि कुठल्याने उशीखाली लपवली, हे ती दारातूनच ओळखायची. तिने मनात नोंद केली.

आणि मग ती बिअर झाली. माल पुरवणाऱ्याने फिक्या माल्टऐवजी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूऐवजी, जास्त भाजलेल्या गडद माल्टची पोती पाठवली. भाचा त्या दिवशी घाईत होता. पाणी गरम झालेलं होतं, त्याने पोती न बघता ओतली. टाकीतून जी बिअर निघाली ती तपकिरी, गोडसर, कमी फेसाची. भाच्याला ती अजिबात आवडली नाही. त्याने दुकान उघडायच्या आधीच मावशीला बोलावून तिच्यापुढे ग्लास ठेवला आणि खडू हातात घेऊन उभा राहिला.

मावशीने एक घोट घेतला. मग दुसरा. मग ती खुर्चीत जरा मागे टेकली, आणि तिचं टेकणं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"अरे," ती म्हणाली, "इतके दिवस ही का नाही बनवलीस?"

"आवडली?" भाच्याच्या हातातला खडू खाली आला.

"फार आवडली. अजून एक दे."

चष्मेवाला त्याच वेळी आपलं शटर वर करत होता. त्याने काचेतून मावशीला दुसरा ग्लास रिकामा करताना पाहिलं. दुपारपर्यंत ही बातमी दातांच्या दवाखान्यात पोचली होती आणि संध्याकाळी सगळ्या रस्त्यावर. लोक नेहमीसारखे आले, पण तपकिरी बिअरचं नाव निघालं की हसून म्हणायचे, "नको, ती मावशींना आवडलीय म्हणे." त्या आठवड्यात त्या टाकीचा नळ फक्त मावशीसाठी फिरला.

आता खरी पंचाईत झाली. टाक्या दोनच. एक रिकामी होत आली होती, दुसरी या बिअरने अडवून ठेवली होती. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा मोठा समारंभ होता आणि सगळी बिअर भाच्याने द्यायची ठरली होती. ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे आणि दोन्ही टाक्या लागणार होत्या. टाकी मोकळी झाली नाही तर दिलेला शब्द जाणार. आणि टाकी मोकळी करायची तर सगळी तपकिरी बिअर मोरीत ओतायची.

भाचा मावशीच्या घरी गेला. ती स्वयंपाकघरात आपली कॉफी उकळत होती.

"मावशी, एक काम करशील?"

"काम काय ते आधी सांग."

"उद्या सगळ्यांसमोर त्या बिअरचा एक घोट घे आणि नेहमीसारखं तोंड वाकडं कर. बस. दोन दिवसांत टाकी रिकामी होईल."

मावशीने गॅस बंद केला. "म्हणजे मला आवडलेल्या बिअरला मी वाईट म्हणायचं."

"एकदाच."

"आणि त्या दिवशीची जळकी कॉफी? ती कुठे गेली?"

भाचा ओट्याकडे बघत म्हणाला, "टाकून दिली. तुला आवडली म्हणजे खपणार नाही, असं वाटलं आम्हाला."

मावशीने कॉफी गाळून कपात ओतली. तिला राग आला होता, पण रागाहून जास्त काहीतरी लागलं होतं, आणि ते नेमकं काय हे तिला स्वतःलाही सांगता येईना. "म्हणजे असं," ती शेवटी म्हणाली, "माझ्या नावडीवर तुमचं दुकान चालतं, आणि माझी आवड मोरीत जाते. मी नाही म्हणणार वाईट. टाकी ओतायची तर ओत. पण मला आवडलं ते आवडलं."

"अगं, पण माझा शब्द जाईल."

"आणि माझा?"

भाचा तसाच परत आला. रात्रभर त्याने विचार केला, आणि भेकड माणसं करतात तेच त्याने सकाळी केलं. मावशी दिवसभर बँकेच्या कामात आहे, दुकानात येणार नाही, याची सुनेने फोन करून खात्री करून घेतली. मग त्याने फळ्यावर लिहिलं: "तपकिरी बिअर. मावशी म्हणतात: खोकल्याचं औषध. थू."

संध्याकाळी मावशी बँकेचं काम आटपून परस्परच आली. दुकान भरलेलं होतं. दारात ती फळ्यापाशी थांबली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचलं. मग पर्समधून रुमाल काढून सावकाश सगळा फळा पुसला. आतली माणसं एकेक करून दाराकडे वळली.

"खडू," तिने हात पुढे केला.

"मावशी, आत ये ना, बोलू आपण," भाचा कुजबुजला.

"खडू दे."

ऑपरेशनच्या वेळी कात्री मागावी तसा तो आवाज होता. भाच्याने खडू दिला. मावशीने सरळ, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तपकिरी बिअर मला आवडते. मी थू म्हणालेले नाही. मावशी." मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथे बसलेल्यांपैकी कुणालाही ती आवडली नाही तरी माझी हरकत नाही. मला आवडते. तुमच्या हसण्यासाठी मी माझी जीभ गहाण टाकलेली नाही." आणि ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

कोपऱ्यात चष्मेवाला डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागला. "बघितलंत ना? आज सकाळी फळ्यावर थू होतं. आता आवडते म्हणे."

"भाच्याने दबाव आणला असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बिचाऱ्या. टाकी खपत नाहीये ना."

"म्हणजे मावशींसारख्या बाईला खोटं बोलायला लावण्याइतकी ती बिअर भयंकर आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी जिला थू म्हणते ती चांगली. मग जिच्याबद्दल तिला खोटं लिहावं लागलं, ती काय चीज असेल. "दोन तपकिरी द्या," चष्मेवाला म्हणाला. पलीकडच्या टेबलाने ते ऐकलं आणि तीन मागवल्या. मग माणसं नळापाशी दाटी करू लागली. जाताना प्रत्येक जण मावशीकडे सहानुभूतीने बघत होता. एका बाईने तर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आम्हाला कळतं हो, मावशी."

"काय कळतं?" मावशीने विचारलं. "मी खरंच लिहिलंय. मला खरंच आवडते."

"हो हो," बाई डोळा मिचकावून म्हणाली आणि ग्लास घेऊन गेली.

मावशीने आणखी दोघांना समजावून पाहिलं. जितकं ती ठासून सांगे, तितकी नळापाशी गर्दी वाढे. शेवटी ती चिडून खिडकीबाहेर बघत बसली. बऱ्याच वेळाने तिने भाच्याला हाक मारली. "एक ग्लास मला दे आता. घसा कोरडा पडला."

भाच्याने टाकीपुढच्या काचेवर टिचकी मारली. चेहऱ्यावर आनंद आणि लाज दोन्ही होतं. "मावशी, संपली. शेवटचा ग्लास आत्ताच गेला."

"कुणाला?"

त्याने दाराजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. मागच्या गल्लीत ते नुकतेच राहायला आले होते. आज किल्ली आतच राहून दार ओढलं गेलं, म्हणून कुलूपवाल्याची वाट पाहत इथे येऊन बसले होते. त्यांना या दुकानातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशी तावातावाने त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही ती का मागवलीत?"

गृहस्थांनी बावरून वर पाहिलं. "दारात लिहिलंय ना, मावशीला आवडते म्हणून. म्हटलं, कुणाला तरी आवडते तर बघू या."

एवढ्या गर्दीत या एकाच माणसाने लिहिलं होतं तेवढंच वाचलं होतं. मावशी समोरच्या खुर्चीवर बसली.

"मग? कशी वाटली?"

गृहस्थांनी ग्लासकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. काहीतरी गोड बोलायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मला नाही आवडली. फार गोड आहे. एकच घोट घेतला, पुढे जाईना."

भाच्याने डोळे मिटून घेतले. पण मावशी रागावली नाही. उलट, कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं, असा तिचा चेहरा खुलला.

"मग इकडे द्या," ती म्हणाली.

"अहो, पण उष्टी आहे ती."

"सिस्टर होते मी. उष्ट्याने काही होत नाही," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूने ग्लास तोंडाला लावून ती मागे टेकली. "तुम्हाला काय आवडतं, ते सांगा आता."